पाच क्रेडिटची माती

माझी मुलगी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस सोडवते, पण हायस्कूल पास होईल की नाही हे सांगता येत नाही. ही बातमी मला मागच्या आठवड्यात, न्यू जर्सीतल्या तिच्या शाळेच्या कौन्सेलर बाईंनी हसतहसत दिली. इथे वाईट बातमी हसतच देतात. त्यामुळे आपण आधी थँक यू म्हणतो आणि भडकतो ते पार्किंग लॉटमध्ये पोचल्यावर.

भानगड अशी. बारावीला, म्हणजे सीनियर इयरला, तिनं एपी फिजिक्स सी, म्हणजे शाळेतच शिकवतात ते कॉलेजच्या तोडीचं फिजिक्स, घेतलं होतं. पोरीला इंजिनिअर व्हायचंय. पण राज्याला डिप्लोमासाठी १२० क्रेडिट लागतात आणि ती खात्याखात्यांत भरावी लागतात. इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, असं करत करत यादीच्या तळाशी नाट्य-नृत्य-चित्रादी कला ५. कन्येच्या कलेच्या खात्यात शून्य. दर वर्षी याच बाई म्हणायच्या, "आर्ट पुढच्या वर्षी बघू या, तिची क्षमता मोठी आहे." आता पुढचं वर्षच उरलं नाही. कलेच्या वर्गांत जागा एकच: सिरॅमिक्स वन, चौथा तास. शाळेत एपी फिजिक्स सी चा वर्गही एकच. चौथा तास.

माझ्यासोबत सासरे होते. आप्पा मिरजेचे निवृत्त मुख्याध्यापक, सहा महिन्यांसाठी आलेत आणि पहिल्या पंधरवड्यातच कंटाळलेत. "जावईबापू, शाळेत चाललाय तर मीही येतो, शाळेच्या माणसांशी कसं बोलायचं ते मला कळतं," म्हणाले. दारावर फोटो काढून व्हिजिटरचं स्टिकर दिलं, ते त्यांनी कोटाच्या खिशावर असं चिकटवलं की पाहणाऱ्याला शिक्षण खात्याची तपासणी आल्यासारखं वाटावं.

मी माझा हुकमी पत्ता टाकला. मुलगी लहानपणापासून भरतनाट्यम शिकतेय. अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम, झालंय. हॉल, मृदंगवाले, व्हायोलिनवाले, मेकअपवाली, जेवणावळ. क्रेडिट कार्डावर त्या संध्याकाळच्या खुणा अजून आहेत. ही कला नाही तर काय आहे?

"ओ माय गॉड, ब्यूटिफुल!" बाई म्हणाल्या. "पण ते शाळेबाहेर झालं."

शाळेबाहेरच्या शिक्षणाला क्रेडिट द्यायची सोय राज्याच्या नियमात आहे. लोक तिला ऑप्शन टू म्हणतात. फक्त आमच्या शाळेत त्याची मंजुरी आधी घ्यावी लागते.

"नाचायच्या आधी?" आप्पांनी विचारलं.

"येस सर."

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. मला बरं वाटलं. आता तोफ धडाडणार. "मॅडम, आय वॉज अ हेडमास्टर," ते म्हणाले.

"दॅट्स ऑसम!"

आणि तिथे आमची बाजू कोसळली. उभ्या आयुष्यात आप्पांच्या मुख्याध्यापकपणाला कोणी ऑसम म्हटलं नव्हतं. मिरजेत त्यांच्याबद्दल जे म्हणत ते इथे लिहिता येत नाही. त्यांनी बाईंना महाराष्ट्राची परीक्षापद्धती समजावून सांगितली. आमच्याकडे दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचेही मिळतात. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी म्हणालो, "बघा, तिकडे मिळतात!" तर आप्पाच माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तिकडेही प्रस्ताव वेळेत यावा लागतो. उशिरा आलेले मी स्वतः परत पाठवलेत."

मग त्यांना वेळापत्रकात जिम दिसलं. इथे कायद्यानं आठवड्याला १५० मिनिटं आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, बारावीलासुद्धा. अकरावी-बारावीत खाजगी क्लासपलीकडे कॉलेजचं तोंडही न पाहणारी पोरं आठवून आप्पा हळवे झाले. "मॅडम, आमच्याकडेही पीटीचा तास होता," ते अभिमानानं म्हणाले, "मी त्यात गणित घ्यायचो."

बाईंचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "दररोज?"

"पोर्शन शिल्लक असेल तर दररोज."

पुढची दहा मिनिटं बाई आप्पांना मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल सांगत होत्या आणि आप्पा त्यांना त्रैराशिकाबद्दल. माझ्या मुलीचं फिजिक्स टेबलावर तसंच पडून होतं. शेवटी बाईंनी ते माउसच्या एका क्लिकनं उडवलं आणि सिरॅमिक्स बसवलं. आप्पा म्हणाले, "व्हेरी गुड सिस्टिम." मी थँक यू म्हणालो.

सगळ्यात जास्त कशानं पोटात दुखतं सांगू? कॉमन अॅपमधून कॉलेजला अर्ज जातो, त्यासोबत कौन्सेलरचा फॉर्म असतो. त्यात त्यांना खूण करायची असते की शाळेतल्या इतर मुलांच्या मानानं या मुलीनं घेतलेले विषय किती अवघड होते. सर्वांत अवघड, खूप अवघड, अवघड, वगैरे. म्हणजे ज्यांनी फिजिक्स काढून नववीच्या पोरांशेजारी माती मळायला बसवलं, त्याच बाई आता ठरवणार की हिनं वर्ष सोपं घालवलं का. यावर हसायचं मी ठरवलं होतं, पण जमत नाहीये.

एपीची परीक्षा वर्गात न बसताही देता येते, म्हणे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नाव नोंदवायचं, २०२५ मध्ये फी ९९ डॉलर होती. मे महिन्यात पेपर. शिकवायचं कोणी, तर आप्पांनी. ते रोज रात्री डायनिंग टेबलवर यामिकी, म्हणजे मेकॅनिक्स, घेतात, मराठीतून; पोरीला 'संवेग' कळत नाही आणि आप्पांना तिचं कॅल्क्युलेटर बघवत नाही.

शाळेची विषयपुस्तिकाही आप्पांनी लाल पेन घेऊन वाचून काढली. त्यात त्यांना सापडलं की हिचं आणखी एक खातं रिकामं आहे: आर्थिक साक्षरता, अडीच क्रेडिट. बाईंनी ताबडतोब तेही बसवलं आणि आप्पांचे ईमेलवर आभार मानले, मला सीसीत ठेवून.

काल मुलगी त्या वर्गाचा पहिला प्रोजेक्ट घेऊन आली. घरातल्या एखाद्या मोठ्या खर्चाचा हिशेब मांडा आणि तो योग्य होता का ते लिहा. तिला अरंगेत्रमची बिलं हवी आहेत.