ममीच नाही, तर भूत कुणाचं?

लंडनच्या ‘ब्रिटिश म्युझियम’ या बंद भुयारी स्थानकाची गोष्ट पुन्हा फिरू लागली आहे. म्युझियममधल्या शापित ममीचं भूत तिथं रात्री किंचाळायचं, म्हणून १९३३ साली घाबरून स्थानकाला टाळं ठोकलं; म्युझियमपासून फलाटापर्यंत गुप्त भुयार आहे; आणि हीच ममी टायटॅनिकवरही होती, म्हणे.

आधी टाळ्याचं बघू. सेंट्रल लंडन रेल्वेनं हे स्थानक १९०० साली उघडलं. १९०६ मध्ये दुसऱ्या मार्गाचं होबर्न स्थानक तिथून शंभर यार्डांच्या आत झालं. गाडी बदलायची तर वर या, भर रस्त्यातून चाला, पुन्हा खाली उतरा. सगळा वैताग. म्हणून जुन्या मार्गाचे फलाटही होबर्नलाच बांधायचा प्रस्ताव १९१३ साली संसदेकडे गेला. महायुद्धामुळे काम रखडलं, ते १९३० साली सुरू झालं. २५ सप्टेंबर १९३३ ला होबर्नचे नवे फलाट चालू झाले नि जुनं स्थानक बंद पडलं. भुताला भ्यालेला माणूस वीस वर्षं दम धरत नाही!

भुयार आलं ते सिनेमातून. ‘बुलडॉग जॅक’मध्ये बंद स्थानकातून थेट म्युझियममधल्या शवपेटीत निघणारी वाट दाखवली आहे. सिनेमा १९३५ चा, म्हणजे स्थानक बंद झाल्यानंतरचा. पडद्यावर स्थानकाचं नावसुद्धा ‘ब्लूम्सबरी’ होतं.

आता ममी. खरी गंमत इथं आहे. ज्या वस्तूवरून हा सगळा गाजावाजा, ती ममी नाहीच. शवपेटीत ममीवर ठेवायची ती रंगवलेली लाकडी फळी आहे, साधारण इसवी सनपूर्व ९५० ची, कुणा अनाम स्त्रीची. १८८९ साली फळी म्युझियमला भेट मिळाली; देह तिथं कधी आलाच नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? टायटॅनिक बुडाली तेव्हाही फळी म्युझियममध्येच होती.

किंचाळ्यांचं म्हणाल, तर वळणावर चाक रुळाला घासलं की बोगद्यात कसा आवाज होतो, हे ट्यूबनं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेनं, रोज जाणाऱ्याला विचारा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचायला लोक याच स्थानकात आसरा घ्यायचे. आता फलाटही काढलेत, भुताला उभं राहायला जागा नाही. होबर्नहून टॉटनम कोर्ट रोडकडे जाताना काचेला नाक लावून बसलात, तर टाइल्सची जुनी भिंत तेवढी सर्रकन मागे जाते.