आय-२० ची सही आधी बघा

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात सुट्टीला ठाण्यात येऊन पुन्हा अमेरिकेला जाणाऱ्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्यांना 'पासपोर्ट, व्हिसा, तिकीट' एवढंच सांगितलंय. मुलं अडकतात ती आय-२० वर, म्हणजे कॉलेज देतं त्या विद्यार्थी-पात्रतेच्या कागदावर. त्याच्या दुसऱ्या पानावर डीएसओची (कॉलेजमधल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची) प्रवासाची सही लागते. ती शिकत असताना १२ महिने चालते, ओपीटीवर (शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) फक्त ६. हे महिने निघायच्या नव्हे, परत अमेरिकेत उतरायच्या तारखेपर्यंत मोजा. ओपीटीवाल्यांनी ईएडी (काम करायच्या परवान्याचं) कार्ड आणि नोकरीचं पत्रही जवळ ठेवावं.

व्हिसाची तारीख उलटली म्हणून लगेच देश सोडावा लागतो, हा लेखातला मुद्दा चुकलाय. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प फक्त अमेरिकेत प्रवेशासाठी असतो. मात्र तो संपलेला असताना एकदा भारतात आलात की नव्या स्टॅम्पशिवाय परतता येत नाही. त्यामुळे बोटांचे ठसे आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतली मुलाखत, दोन्हींच्या तारखा हातात आल्यावरच तिकीट काढा. पासपोर्ट मुलाखतीच्या दिवशी तिथेच ठेवून घेतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचं विमान धरणं म्हणजे जुगार.

कॉलेज बदललंय, पण व्हिसावर जुन्याचंच नाव आहे? सेव्हिस नंबर (आय-२० वरचा विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) तोच आणि व्हिसा चालू असेल तर घाबरू नका, आय-२० तेवढी नव्या कॉलेजची हवी. वागळे इस्टेटला पासपोर्ट नवा करून घेतलात तर चालू व्हिसा असलेला जुनाही सोबत न्या. आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग इमिग्रेशन ओलांडल्यावरच मिळते.