मगरीच्या गावात पोहणं

उघड्यावर पोहायचं म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं पाणी किती गार आहे ते विचारतात. आम्ही बडोदेकर आधी मगरीची चौकशी करतो. भरवस्तीतल्या विश्वामित्रीत शेकडो मगरी राहतात. २०२४ च्या ऑगस्टातल्या पुरात एक तर शहरातल्याच अकोटा भागात थेट छपरावर चढून बसली होती. सयाजीराव महाराजांनी शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं आजवा सरोवर आहे. पण तिथंही मगरी, शिवाय तेच पाणी नळाला येतं म्हणून बायकोची हरकत. उरलं सूरसागर तळं. त्याच्या मधोमध साक्षात महादेव उभे. त्यांच्यासमोर चड्डीवर उतरायची आमच्या घराण्यात कुणाची छाती नाही.

म्हणून चांदोदला नर्मदा गाठली. स्विमिंग पूलमधल्यासारखी तळाला पट्टी नदीत नसते, तेव्हा अधूनमधून डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघायची, असं कोचनी शिकवलं होतं. "अगदी मगरीसारखे," ते म्हणाले. बडोद्यात राहून दुसरी उपमा सुचू नये माणसाला!

कमरेला नारिंगी फुगा बांधून घाटावर आलो तेव्हा पिंडदानाला बसलेल्या मंडळींनी भटजींसकट माना वळवल्या. माझी वेळ व्हायची होती अजून. एकट्यानं उतरायचं नाही, म्हणून नाव ठरवली. वरच्या अंगाला सरदार सरोवर. पाणी सोडणार नाहीत ना, ते नावाडीकाकांना विचारलं. मग हळूच, "काका, मगर छे?"

"छे ने! मगर तो माताजीनुं वाहन!"

वाहन आहे म्हणजे रिकामं हिंडत असणार, हे डोक्यात घेऊनच पाण्यात पाय घातला. जानेवारीतली सकाळ. गार पाणी छातीला लागलं की धाप लागते, ती ओसरेपर्यंत तोंडावर पाणी मारत, श्वास लांब सोडत उभं राहायचं असतं. मी इतका वेळ उभा राहिलो की घाटावरच्या एका आजींनी लांबूनच नमस्कार केला.

पोहायला लागलो. समोरच्या काठावरचं एक झाड धरलं होतं. डोळे वर काढले, झाड डावीकडे. पुन्हा काढले, आणखी डावीकडे. झाडं चालत नाहीत एवढं शास्त्र मला येतं. काका वल्हं टेकून बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, भरूच जवुं छे?"

नावेत ओढून घेतलं. घाटावर त्यांनी जाण्यायेण्याचे पैसे मागितले. जाणं मी पोहून केलं, हे त्यांना काही केल्या पटेना.

"पण नाव तो आवी हती ने?"