एमएच-१२ आणि शेकोटी

रविवारी महाराष्ट्र सदनात जेवायचं म्हणून नोएडाहून निघालो आणि दिल्लीच्या वेशीवर, चिल्ला बॉर्डरला अडकलो. डिसेंबरातली सकाळ. पुढची गाडी दिसत नव्हती, पण हवालदारसाहेबांना आमची एमएच-१२ची पाटी बरोब्बर दिसली.

‘बीएस-फोर?’ त्यांनी गाडीचं धुराचं मानक विचारलं.

‘हो, पण पेट्रोल. २०१८ची. पीयूसी आहे.’

‘बाहर की है. वापस लो.’

नियम असा की, प्रदूषण टिपेला पोचलं की दिल्लीबाहेर नोंदलेली, बीएस-सिक्सच्या खालची गाडी आत सोडायची नाही. हीच गाडी, हेच साल, हाच धूर, पण पाटी डीएलची असती तर गेलो असतो. नोंदणी बदलायची तीन वर्षं राहिलीये, ते सोडा. (बायको सोडत नाही.)

आणि हे सगळं तो मला शेकोटीशेजारी उभा राहून समजावत होता. खाली पॅकिंगच्या फळ्या, वर प्लायवुड आणि सगळ्यात वर एक रबरी चप्पल. तिचा अंगठा वितळून ओघळत होता. धूर थेट त्याच्याच तोंडावर. डोळे पुसत तो म्हणाला, ‘गाडी धुआँ करती है ना, सर.’

मी शेकोटीकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं.

‘ठंड है,’ तो म्हणाला.

सोसायट्यांनी वॉचमनना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते काही जाळणार नाहीत, असं याच नियमावलीत आहे. याला कोण देणार, आणि तो प्लग काय दुभाजकात खुपसणार? त्याच्यावर चिडताही येईना. दिवसभर ही हवा तोच ओढतो, तीही मास्कशिवाय.

दिल्ली, हरियाणा, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश मिळून हवेसाठी एकच आयोग आहे, २०२१च्या कायद्याने. म्हणजे हवा सामाईक, हे संसदेलाही पटलंय. पण नोव्हेंबरात भाताच्या काडाचा धूर येतो तेव्हा त्याला कुणी पाटी विचारत नाही. आमच्या नोएडाची हवा तर रात्रीच दिल्लीत जाऊन आलेली असते. बायको तिसरा हिवाळा खोकतेय. तिचा खोकला कुठल्या आरटीओत नोंदवू?

मी काच वर करणार, तेवढ्यात तो वाकला. ‘सर, पुराना अखबार है क्या?’

पायाखाली अंथरलेले होते. दिले. शेकोटी भडकली, साहेब खुलले, आणि यू-टर्न कुठून घ्यायचा ते त्यांनी अगदी प्रेमाने दाखवलं.