आत्याची कौलं आणि फुकटचं छप्पर

परवा रात्री साडेनऊला दिवेआगरहून आत्याचा फोन. "अरे, मागच्या पाख्याची दहा-बारा कौलं गड्याकडून पाडून घेऊ ना? फोडायची की नुसती सरकवायची, ते त्यात लिहिलेलं नाही."

"त्यात" म्हणजे व्हॉट्सॲपवर. महिनाभर फिरतोय तो मेसेज, माझ्याकडेच तीन ग्रुपांतून आला होता आणि मी न वाचता पुढे सरकलो होतो. सारांश असा: घराचा विमा असेल तर छप्पर जुनं झाल्यावर कंपनी नवं घालून देते. गळती वादळाने झाली म्हणायचं, वेळ पडली तर थोडी कौलं आपणच पाडायची. सर्व्हेअरची, म्हणजे कंपनीकडून नुकसान बघायला येणाऱ्या माणसाची, वाट न बघता काम उरकून बिल लावायचं. विमा बाजारभावाने काढायचा. गृहकर्ज असेल तर विमा असतोच, फक्त मागायचा.

मजा म्हणजे मध्येच एक वाक्य आहे, "वीस वर्षांपेक्षा जुने शिंगल असतील तर". शिंगल, म्हणजे अमेरिकेत छपरावर ठोकतात त्या डांबरी पट्ट्या! दिवेआगरात कोणाच्या घरावर शिंगल आहेत? अमेरिकेतलं काहीतरी उचलून आणलंय हे उघड आहे. तिकडे गारपीट झाली की छपरांचे ठेकेदार दारोदार फिरतात, "विम्यातून नवं छप्पर करून देतो" म्हणत. पण नुसत्या झिजलेल्या छपराला विमा तिथेही पैसे देत नाही.

आता आपल्याकडचं. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली, 'भारत गृह रक्षा'. आत्याची तीच आहे. आतेभावाने पीडीएफ पाठवली ती मी बसून वाचली. त्यात आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड, घरावर झाड पडणं अशी कारणांची यादी आहे. "छप्पर म्हातारं झालं" हे कारण त्या यादीत नाही. वाळवीने वासा खाल्ला, रीप कुजली, कौल झिरपायला लागलं, हा घर राखण्याचा खर्च आहे. दर वर्षी मे महिन्यात आपण शाकारणी करतो ती काय हौस म्हणून? आणि वादळाने खरंच नुकसान झालं तरी पॉलिसी म्हणते की नुकसानीच्या वेळी घर जसं होतं साधारण तशा स्थितीत आणण्याचा खर्च मिळेल. कौलं उडाली तर कौलांचा. त्या पैशात स्लॅब होत नाही.

कौलं पाडण्याचा सल्ला वाचून मात्र माझं डोकं फिरलं. मुद्दाम केलेलं नुकसान पॉलिसीत सरळ वगळलेलं आहे, आणि खोटा दावा केला तर पॉलिसीखालचे सगळे हक्क जातात. म्हणजे दहा कौलांच्या पैशासाठी अख्ख्या घराचं संरक्षण घालवायचं. शिवाय सर्व्हेअरला हे कळत नाही, हा भ्रम कोणाला आहे? वारा कौलं उचलतो तेव्हा आढ्यावरचे कोने सुटतात, कडेची ओळ जाते, रिपा उखडतात, वाडीत दोन पोफळी आडव्या असतात. गड्याने पाख्याच्या मधोमध नीट काढलेला चौकोन वाऱ्याचा दिसत नाही. त्यात बाहेर लख्ख ऊन! 3 जून 2020 ला 'निसर्ग' आलं तेव्हा आत्याच्या पडवीवरचा पत्रा शेजारच्यांच्या विहिरीत सापडला होता. तेव्हा विमा नव्हता, ताडपत्रीसाठी माणसं मैलोन्‌मैल फिरत होती. ते जिने बघितलंय तिला हा मेसेज कौलं पाडायला सांगतो.

काम उरकून बिल लावा, हेही तितकंच घातक. सर्व्हेअरला नुकसान बघू द्यावं लागतं. पाऊस आत येत असेल तर ताडपत्री जरूर टाका, नुकसान वाढू न देणं ही आपलीच जबाबदारी आहे. पण कंपनीला लगेच कळवा, आधी फोटो काढा, आणि फुटलेली कौलं परसात रचून ठेवा, गाडीत भरून टाकून देऊ नका.

बाजारभावाचं काय सांगावं. विमा बांधकामाच्या खर्चावर निघतो, चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. जागेची किंमत त्यात धरून नुसता हप्ता फुगतो. जमीन वादळात उडून जात नाही.

कर्जाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य. बँका घराचा विमा करायला लावतात. पण पुष्कळदा कर्जाबरोबर जो विमा गळ्यात मारलेला असतो तो कर्जदाराच्या जिवाचा असतो, छपराचा नव्हे. कागद काढून बघा. कंपन्या दावे रेंगाळत ठेवतात, ही मेसेजमधली कुरकुरही खोटी नाही. त्यासाठी विमा लोकपाल आहे, मुंबईत आणि पुण्यात, तक्रारीला फी नाही. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर तिकडे जाता येतं.

एवढं सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे माजघरात टोप ठेवते ती गळती?"

"ती तुझी, आत्या."

"हं. मग गड्याला पाडायला नको, शाकारायला बोलावते. आणि हे मी पुढे पाठवलंय रे सगळ्या भजनी मंडळाला. आता त्याचं काय करू?"