संचालकाची परीक्षा आणि काकूंचा राजीनामा

सध्या तासगाव-मिरज भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "केंद्राचा नवा नियम. कंपनीच्या प्रत्येक संचालकाला परीक्षा सक्तीची, नापास झाल्यास पद जाणार. पास झालेल्यांना मोठ्या कंपन्यांत मीटिंगला लाख रुपये." खाली क्लासचा नंबर आणि फी पंधरा हजार.

आमची बेदाण्याची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, कायद्याला लागतात तेवढे पाच संचालक. त्यातल्या एक काकू सातवी शिकलेल्या. रॅकवरचा बेदाणा मुठीत दाबून ओल किती राहिली ते सांगतात. त्या शेडवर येऊन म्हणाल्या, "माझं नाव काढा बाबा. ह्या वयात पेपर कुठला लिहू मी?" म्हणून हा खटाटोप.

प्रत्येक संचालकाला परीक्षा, हे साफ खोटं. 2013 च्या कंपनी कायद्यात साध्या संचालकासाठी शिक्षणाची अटच नाही. डिन नंबर आणि लेखी संमती लागते, आणि कलम 164 मधली अपात्रता नसावी लागते. डिन हा नुसता आठ आकडी ओळख क्रमांक, पास झाल्याचा दाखला नव्हे. इंग्लंडात 'चार्टर्ड डायरेक्टर' अशी व्यावसायिक पात्रता मिळवता येते, पण तीही ज्याच्या-त्याच्या हौसेची.

मग परीक्षा आली कुठून? ती आहे, पण स्वतंत्र संचालकांसाठी, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेल्या, बाहेरून घेतलेल्या संचालकांसाठी. 1 डिसेंबर 2019 पासून त्यांना मानेसरच्या भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेच्या यादीत नाव नोंदवून ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. आधी 60 टक्के लागायचे, 2020 अखेरीस 50 झाले. पास व्हायला मुदत दोन वर्षं, प्रयत्न कितीही. अनुभवी मंडळींना सूटही आहे. असे संचालक लागतात ते शेअर बाजारातल्या आणि काही मोठ्या पब्लिक कंपन्यांना. उत्पादक कंपनी प्रायव्हेट लिमिटेडच्याच धर्तीवर धरली जाते, तिचा इथं संबंध नाही. सोसायटी नि सहकारी साखर कारखान्याच्या संचालकांनी तर घाबरायचं कारणच नाही. ते सहकार कायद्याखाली निवडून येतात. मराठीत दोघांनाही 'संचालक'च म्हणतात, त्यातून निम्मा घोळ झालाय.

लाख रुपयांचं म्हणाल, तर एका सभेचा भत्ता 1 लाखाच्या वर देता येत नाही, एवढंच नियम सांगतो. सौद्यात एका लॉटला उच्चांकी भाव निघाला म्हणून सगळ्यांचा माल त्या भावानं जात नाही. यादीत नाव आलं म्हणजे नेमणूक झाली असंही नाही.

पद जातं, पण वेगळ्याच कारणानं. सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 साली देशात तीन लाखांहून जास्त संचालक असे अपात्र ठरले. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

आमचंच सांगतो. आम्हा पाचही जणांच्या डिजिटल सहीची टोकनं (पेनड्राइव्हसारखी असतात ती) एका सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये रबर लावून ठेवलेली. आम्हाला वाटायचं, तो भरतोय. दोन फॉर्म 140 दिवस लांबले. फॉर्ममागे रोजचे 100 रुपये, म्हणजे 28,000 नुसता दंड. चूक त्याची होती तशी आमचीही. सही आमची आणि ड्रॉवर त्याचा, हे आम्हीच चालवून घेतलं होतं.

शिकू नका असं माझं म्हणणं नाही. ताळेबंद वाचायला शिका, जरूर शिका. पण 'सक्ती' म्हणून पंधरा हजार मागणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या कलमाखाली?

काकूंनी नाव काढलं नाही. त्यांचं टोकन आता त्यांच्याच बटव्यात असतं. सही हवी असली की सल्लागाराच्या पोराला शेडवर यावं लागतं आणि आधी कागद वाचून दाखवावा लागतो.