‘काल्पनिक’ म्हटल्याने जबाबदारी संपत नाही

प्रसिद्ध व्यक्तींना पात्र करून कथा लिहिणाऱ्या नवोदितांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात पसरतो आहे. त्याचा सारांश असा: आरंभी ‘सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत’ असे छापले की कायद्याचा प्रश्न मिटतो, नाव बदलले तर तेवढेही करावे लागत नाही, जो लोकांसमोर आला त्याला खासगी आयुष्य उरत नाही, पैसे मिळवले नाहीत तर दावा होत नाही, आणि मृत व्यक्तीविषयी काहीही लिहावे. यांपैकी शेवटच्या विधानात बरेच तथ्य आहे. पहिली चार मात्र ज्या ठामपणे सांगितली जातात तितकी खरी नाहीत आणि त्यांवर विसंबून हयात माणसांविषयी वाटेल ते लिहिले जाते आहे, म्हणून त्यांचा प्रतिवाद आवश्यक वाटतो.

‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही सूचना ज्या खटल्यानंतर रूढ झाली, तो खटलाच तिच्या मर्यादा दाखवतो. रासपुतिनच्या १९१६ मधील हत्येवर मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने १९३२ साली चित्रपट काढला. हत्येत सहभागी असलेले राजपुत्र फेलिक्स युसुपोव्ह आणि त्यांच्या पत्नी इरिना तेव्हा हयात होत्या. चित्रपटात इरिना यांचे नाव कुठेही नव्हते. होती ती नताशा नावाची राजकन्या, जिच्यावर रासपुतिन अत्याचार करतो असे सूचित केले होते. मारेकरी कोण हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्या पात्रात आपल्यालाच पाहणार, हे इरिना यांचे म्हणणे लंडनच्या न्यायालयात मान्य झाले आणि १९३४ साली अपिलातही पंचवीस हजार पौंडांची भरपाई कायम राहिली. त्यानंतर निर्माते सावध झाले आणि ही सूचना सर्रास छापू लागले. सूचनेमुळे लेखकाचा हेतू स्पष्ट व्हायला मदत होते हे खरे, परंतु न्यायालय विचारते तो प्रश्न वेगळा असतो: सामान्य वाचकाला या पात्रामागे विशिष्ट जिवंत माणूस दिसतो का, आणि जे लिहिले आहे त्यामुळे त्या माणसाची अप्रतिष्ठा होते का? आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो असे स्पष्टीकरण आहे, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल असे मानण्यास लेखकाजवळ कारण होते एवढेही तेथे पुरेसे असते.

नाव बदलण्याविषयीचे उत्तर याच खटल्यात आले आहे. तरीही नाव बदलणे निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. वन डायरेक्शन या गायकसमूहातील हॅरी स्टाइल्सला नायक करून एका चाहतीने लिहिलेली कथा २०१४ साली पुस्तकरूपाने आली ती नावे बदलूनच, आणि जिला मूळ संदर्भ ठाऊक नाही अशी वाचकही ती स्वतंत्र कादंबरी म्हणून वाचू शकते. पात्राला स्वतःचा स्वभाव आणि भूतकाळ मिळाला तरच नावातला बदल खरा ठरतो.

‘प्रसिद्ध माणसाला खासगीपणा नसतो’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. ऑटो शंकर या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनावरून निर्माण झालेल्या वादात, राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने शासनाला प्रकाशन आधीच रोखण्याचा अधिकार नाकारला आणि सार्वजनिक अभिलेखात जे आहे ते संमतीशिवायही छापता येईल असे सांगितले. पण त्यापलीकडचे आयुष्य संमतीविना मांडणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो, हेही त्याच निकालात आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. जे संरक्षण फाशीच्या कैद्यालाही आहे, ते एखाद्या गायिकेला केवळ लोक तिला ओळखतात म्हणून नाकारता येणार नाही. फूलनदेवी यांच्या जीवनावरील चित्रपट निघाला तेव्हा त्या हयात होत्या, आणि स्वतःवरील बलात्काराची व विवस्त्र धिंडीची दृश्ये आपल्या संमतीविना दाखवली जात आहेत म्हणून त्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रदर्शनाला अंतरिम मनाई केली. पुढे तडजोड झाली. त्यांच्यावर काय ओढवले ते वर्तमानपत्रांतून अनेकांना ठाऊक होते, पण ते पडद्यावर कसे दिसावे हे ठरवताना त्यांना विचारायलाच हवे होते.

सत्ताधाऱ्याच्या सार्वजनिक कृतींवर बोचरी कथा लिहिणे आणि एखाद्या हयात नटाच्या शय्यागृहाची, आजाराची वा मुलांची कल्पना रंगवणे यांत मी फरक करतो. पहिल्या प्रकाराला जास्तीत जास्त मोकळीक हवी. दुसऱ्या प्रकारात कायद्याने पकडले नाही तरी माणूस दुखावतो. हॅरी स्टाइल्स आणि त्याच समूहातील लुई टॉमलिन्सन यांच्यात प्रेमसंबंध असल्याची कल्पना चाहत्यांनी वर्षानुवर्षे रंगवली. तिच्यामुळे आपल्या मैत्रीतला मोकळेपणा गेला, असे टॉमलिन्सन यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

पैशांविषयी थोडक्यात. नाव, चेहरा, आवाज यांच्या व्यापारी वापराविरुद्ध सेलिब्रिटी जे दावे करतात, उदाहरणार्थ अरिजित सिंह यांचा २०२४ मधील मुंबई उच्च न्यायालयातील दावा, त्यांत पैशांचा मुद्दा महत्त्वाचा असतो. बदनामीत तो अप्रस्तुत आहे. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तेथेही फुकट वाटल्याने सूट मिळत नाही.

राहिला मृतांचा मुद्दा. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले की खासगीपणाचे आणि प्रसिद्धीचे हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतात. मात्र कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेला आरोप कलम ३५६ खाली आजही बदनामी ठरू शकतो. शिवाय ‘गांधी मला भेटला’ या मराठी कवितेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ती १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, केवळ सभासदांसाठी असलेल्या नियतकालिकात छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली असेल, तर समाजाच्या समकालीन मापदंडांची कसोटी अधिक कठोरपणे लावली जाईल. हे मला पटत नाही, कारण ज्यांचे विचार सर्वांचे झाले आहेत त्यांच्याशी वाद घालण्याचे, त्यांना अपरिचित भाषेत बोलायला लावण्याचे स्वातंत्र्य कवितेला हवेच. पण आज कायदा तसा आहे. पुढच्याच अंकात बिनशर्त माफी मागितल्यामुळे प्रकाशकावरील आरोप रद्द झाला आणि कवीला आपली बाजू खटल्यातच मांडायला सांगण्यात आले.